स्कायरिम खरंच पोकळ आहे का? मोरोविंड आणि ऑब्लिव्हियनच्या शेजारी ठेवून पाहताना

प्रश्न असा आहे: स्कायरिम खेळून झाला, आवडलाही. पण जुने खेळाडू सांगतात की ‘एल्डर स्क्रोल्स’ या व्हिडिओ गेम मालिकेतला खरा आरपीजी (भूमिका घेऊन खेळायचा गेम) मोरोविंड होता, ऑब्लिव्हियनमध्ये घसरण सुरू झाली आणि स्कायरिममध्ये नुसता सांगाडा उरला. हे कितपत खरं? आणि आता मागे जाऊन ते दोन गेम खेळायचे तर कसे?

या वादात पहिल्यांदा आकडे फेकले जातात. मोरोविंड (२००२) मध्ये २७ स्किल्स (कौशल्यं), ऑब्लिव्हियन (२००६) मध्ये २१, स्कायरिम (२०११) मध्ये १८. पहिल्या दोघांत स्ट्रेंग्थ, एन्ड्युरन्सपासून लकपर्यंत आठ ॲट्रिब्यूट्स (अंगभूत गुण). स्कायरिममध्ये ती गेली आणि हेल्थ, मॅजिका (जादूची शक्ती), स्टॅमिना एवढे तीनच आकडे उरले. हे सगळं बरोबर आहे, पण त्यावरून फारसं काही ठरत नाही. मोरोविंडमधला भाला ऑब्लिव्हियनमध्ये गेला याचं वाईट वाटतं, म्हणून काही ऑब्लिव्हियन उथळ ठरत नाही. माझ्या मते कसोटी वेगळी आहे: हे जग खेळाडूला ‘नाही, तुला हे आत्ता जमणार नाही’ असं सांगतं का, आणि सांगितलं तर कशाच्या जोरावर?

मोरोविंड हे पहिल्या दहा मिनिटांत सांगतो, आणि बहुतेक नवे लोक तिथेच तो बंद करतात. तलवार समोरच्या उंदराच्या अंगातून आरपार जाते आणि त्याला ओरखडाही उठत नाही. हा बिघाड नाही. वार लागण्याची शक्यता अशी काढतात: शस्त्राचं स्किल, अधिक ॲजिलिटीचा पाचवा भाग, अधिक लकचा दहावा भाग. या बेरजेला फटिगच्या (अंगातल्या दमाच्या) गुणकाने गुणायचं. फटिगची हिरवी पट्टी पूर्ण भरलेली असेल तर गुणक १.२५, रिकामी असेल तर ०.७५. मग त्यातून समोरच्याची चुकवण्याची ताकद वजा होते.

आता दोन कॅरेक्टर्स घ्या. दोघांची ॲजिलिटी ४०, लक ४०. पहिला रेडगार्ड वंशाचा; लाँग ब्लेड (लांब तलवार) हे मेजर म्हणजे मुख्य स्किल आणि स्पेशलायझेशन कॉम्बॅट. त्याचं लाँग ब्लेड सुरुवातीलाच ३० अधिक ५ अधिक वंशाचे १५, म्हणजे ५०. दमलेला नसेल तर (५० + ८ + ४) × १.२५, म्हणजे साडेसत्त्याहत्तर टक्के. दुसऱ्याने ते स्किल घेतलेलंच नाही, ते ५ वर आहे: (५ + ८ + ४) × १.२५, म्हणजे जेमतेम २१ टक्के. हाच पळत पळत भांडायला गेला आणि फटिग संपलेला असला, तर १३ टक्क्यांच्या खाली. त्यातून उंदराचा वाटा अजून वजा व्हायचाच आहे. सुरुवातीच्या कचेरीत टेबलावर जी सुरी मिळते ती शॉर्ट ब्लेड आहे. लाँग ब्लेडवाला माणूस ती उचलतो, बाहेर धावत सुटतो आणि मग गेमला शिव्या देतो.

म्हणून मोरोविंडमध्ये शिरण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा. एकच शस्त्र निवडा, त्याला बोनस देणारा वंश घ्या आणि ते मेजर स्किलमध्ये टाका. लढाईच्या आधी धावणं थांबवून चालत जा, म्हणजे फटिग भरेल. फटिगचा परिणाम स्पेल जमण्यावर, गप्पांवर, दुकानातल्या भावावरही होतो, त्यामुळे ही सवय सगळीकडे कामाला येते. आणि चालण्याचा वेग सोसत नसेल तर जन्मरास ‘द स्टीड’ घ्या, स्पीडमध्ये २५ ची भर पडते. पहिल्यांदा खेळताना हा सौदा तोट्याचा नाही. मॅजिका आपोआप भरत नाही, झोपावं लागतं किंवा औषध प्यावं लागतं. स्कायरिमहून आलेला जादूगार इथे हमखास अडकतो.

दुसरा ‘नाही’ रस्त्याचा. बाल्मोरा गावात मुख्य कथेची कामं देणारा केयस कोसाडेस तुम्हाला हास्फाट अँटाबोलिसकडे पाठवतो, आणि तो आर्कन्गथांडच्या अवशेषांतून लुप्त झालेल्या ड्वेमर लोकांचा एक पझल बॉक्स आणायला सांगतो. नकाशावर बाण येत नाही. गावाबाहेर पडून मूनमॉथ किल्ल्याकडे जायचं, खोल दरीवरचा जुना ड्वेमर पूल ओलांडायचा. पलीकडे दार बंद असतं. जवळच्या पाइपवरचं चाक फिरवलं की ते उघडतं. आत ती चौकोनी वस्तू पेटीत नाही, फळीवर उघड्यावर पडलेली असते, इतकी लहान की शेजारून तीनदा जाऊनही दिसत नाही. इथे जर्नल (गेममधली नोंदवही) वाचणं हेच कौशल्य आहे. जर्नलमध्ये नोंदी तारखेने साठत जातात, म्हणून महत्त्वाचं वाक्य कागदावर उतरवून ठेवा; दहा तासांनी ते शोधणं जिवावर येतं.

तिसरा ‘नाही’ संस्थांचा, आणि माझ्या दृष्टीने मालिकेने गमावलेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. मोरोविंडच्या मेजेस गिल्डमध्ये वरची पायरी चढायला ठरावीक ॲट्रिब्यूट्स आणि गिल्डला हवी ती स्किल्स लागतात. आर्चमेज व्हायचं तर त्यातलं एक स्किल थेट ९० वर. ह्लालू, रेडोरान, टेल्वानी या तीन घराण्यांपैकी एकाच घराण्यात जाता येतं. फायटर्स गिल्डची कामं पुढे जाऊन थीव्ह्ज गिल्डच्या म्होरक्यांना मारायला सांगतात. आणि टेल्वानी जादूगारांच्या मनोऱ्यांत वर जायला जिनाच नाही. हवेत तरंगण्याचा स्पेल किंवा औषध नसेल तर मालक भेटणार नाही. हे घराणं कुणाला मोजतं आणि कुणाला नाही, हे त्या नसलेल्या जिन्यातून जितकं कळतं तितकं पानभर संवादांतून कळलं नसतं.

हेच जग ‘नाही’ म्हणतं म्हणून ‘हो’ म्हणतं तेव्हा मजा येते. काल्डेराच्या परिसरात पेमेनी नावाची बाई तिला नार मोकला पोचवायला सांगते, आणि तिच्याकडचे बूट म्हणजे बूट्स ऑफ ब्लाइंडिंग स्पीड. स्पीडमध्ये २०० ची भर, पण १०० टक्के आंधळेपण, पडदा काळाठिक्कर. यावरचा उपाय गेम कुठेच सांगत नाही. रेझिस्ट मॅजिकाचा परिणाम असलेला कोणताही स्पेल विकत घ्यायचा, स्पेल बनवून देणाऱ्याकडून त्याच परिणामाचा १०० टक्के, फक्त १ सेकंदाचा नवा स्पेल करून घ्यायचा, तो म्हणायचा आणि त्या एका सेकंदात बूट घालायचे. आंधळेपणाचा परिणाम बूट चढवण्याच्या क्षणी मोजला जातो, त्यामुळे तो शून्य बसतो आणि वेग तसाच राहतो. बूट काढून पुन्हा घातले तर पुन्हा स्पेल. कोणत्याही क्वेस्टमध्ये (कामगिरीत) नसलेली ही युक्ती केवळ नियम एकमेकांत गुंतलेले आहेत म्हणून शक्य होते.

ऑब्लिव्हियनमध्ये नियम बरेचसे तसेच दिसतात, पण त्यांच्याखालची जमीन बदलली. वार लागला की लागतोच. स्किलवर फक्त नुकसान ठरतं. हे माझ्या मते सुधारलेलं आहे. बिघडली ती लेव्हलिंगची पद्धत. मूळ गेममध्ये सात मेजर स्किल्सच्या मिळून दहा पायऱ्या चढल्या की झोपून लेव्हल मिळते. त्या काळात एखाद्या ॲट्रिब्यूटखालची स्किल्स किती वाढली त्यावर बोनस: १ ते ४ ला +२, ५ ते ७ ला +३, ८ किंवा ९ ला +४, १० ला +५. मोरोविंडमध्येही हेच गणित होतं, पण तिथे जग बहुतेक ठिकाणी जागच्या जागी होतं, त्यामुळे थोडं चुकलं तरी निभावून जायचं. ऑब्लिव्हियनमध्ये शत्रू तुमच्या लेव्हलबरोबर वाढतात. ॲथलेटिक्स आणि ॲक्रोबॅटिक्स मेजरमध्ये घेणारा नुसता पळून आणि उड्या मारून लेव्हल चढतो, हातात मात्र तीच जुनी ताकद. जग वाढलं, तो नाही. ‘लेव्हल वाढली की गेम अवघड होतो’ ही तक्रार इथून येते, आणि ती शब्दशः खरी आहे.

त्याचं सगळ्यात बोलकं चित्र म्हणजे रस्त्यावरचा वाटमाऱ्या. तुमची लेव्हल विशीच्या पुढे गेल्यावर तो ग्लास आर्मर घालून उभा असतो, ज्याच्या एकेका भागाची किंमत मोठी, आणि मागतो १०० सोन्याची नाणी. त्या क्षणी जगावरचा विश्वास उडतो. दुर्मीळ वस्तू दुर्मीळ राहिली नाही, आणि धोक्याची जागा व सुरक्षित जागा असा भेदही राहिला नाही.

मूळ ऑब्लिव्हियन खेळणार असाल तर उपाय साधा ठेवा. दर लेव्हलला एन्ड्युरन्स आधी वाढवा, कारण प्रत्येक लेव्हलला मिळणारं हेल्थ एन्ड्युरन्सच्या एक दशांश असतं आणि मागचं भरून मिळत नाही. ५० असेल तर ५, १०० असेल तर १०. उशिरा वाढवलेला एन्ड्युरन्स आधीचं नुकसान भरून काढत नाही. आर्मरर, ब्लॉक, हेवी आर्मर ही त्याची स्किल्स. यांतलं किमान एक मेजरच्या बाहेर ठेवा, म्हणजे लेव्हल न चढता ते वाढवता येईल. आणि क्वॅच शहर वाचवण्याचं काम लवकर उरका, साधारण पाचव्या लेव्हलच्या आत. उशीर केला तर तिथल्या राक्षसी गेटमधून लहान स्कॅम्प्सऐवजी डेड्रोथसारखे प्राणी येतात आणि बिचारे सैनिक पटापट मरतात. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ‘ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड’ या नव्या आवृत्तीमध्ये ही डोकेदुखी बरीच कमी झाली आहे: दर लेव्हलला १२ गुण मिळतात, एका ॲट्रिब्यूटला जास्तीत जास्त ५, तीन ॲट्रिब्यूट्सपर्यंत वाटायचे, मायनर स्किल्सही लेव्हलमध्ये धरली जातात. शत्रूंचं वाढणं मात्र तसंच आहे, त्यामुळे क्वॅचचा सल्ला तिथेही लागू.

एवढं सगळं असूनही क्वेस्टच्या बाबतीत ऑब्लिव्हियन तिघांत सरस आहे, आणि हे मी अजिबात हात राखून सांगत नाही. डार्क ब्रदरहुडमधला ‘हूडनिट?’ घ्या. स्किनग्राडमधल्या समिटमिस्ट वाड्यात पाच पाहुणे, सहावे तुम्ही. त्यांना वाटतं घरात कुठेतरी सोन्याची पेटी लपवली आहे. खरं तर तुम्ही त्यांना एकेक करून मारायला आला आहात. एकेकाशी बोलून कोण कुणावर संशय घेतो ते काढता येतं, एकाला दुसऱ्यावर घालता येतं, आणि प्रत्येक मृत्यूनंतर उरलेल्यांची बोलणी बदलतात. लढाई जवळपास नाहीच. त्याच गावातला ग्लार्थिर, ज्याला सगळं गाव आपल्या मागावर आहे असं वाटतं, किंवा चेडिनहॉलमधला चित्रात शिरण्याचा प्रसंग; या क्वेस्टमध्ये मार्कर (जागा दाखवणारा बाण) असूनही मेंदू वापरावा लागतो. थीव्ह्ज गिल्डही पुढचं काम देण्याआधी चोरीचा ठरावीक माल विकून दाखवायला सांगते, म्हणजे चोर व्हायला चोरी करावी लागते. स्कायरिममध्ये हे पथ्य सैल झालं.

गुहा मात्र ऑब्लिव्हियनच्या एकसारख्या, समोरच्याचं मन वळवण्यासाठीचं चाकाचं चित्र निरर्थक, आणि मोजक्याच आवाजांत सगळा देश बोलतो. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

आता स्कायरिम. तो ‘नाही’ म्हणतच नाही असं नाही. व्हाइटरनजवळच्या राक्षसाच्या तळावर पहिल्या लेव्हलला गेलात तर तो गदेच्या एका फटक्यात आकाशात उडवतो, कारण त्याची लेव्हल तुमच्याकडे पाहून ठरत नाही. ऑब्लिव्हियनचा धडा इथे शिकला गेला. ठिकाणांना किमान आणि कमाल लेव्हल आहे, आणि पहिल्यांदा आत गेलात की त्या ठिकाणाची लेव्हल ठरून जाते. नंतर ताकद वाढवून परत जाता येतं. साधे दरोडेखोर पंचविसाव्या लेव्हलच्या मॉराउडरपाशी थांबतात, त्यांचा म्होरक्या तेवढा थोडा वर असतो. ग्लास घातलेला भिकारी दिसत नाही.

लेव्हलिंगही जास्त नेटकं झालं. स्किल ज्या पायरीवर पोचतं तेवढे गुण मिळतात: २१ वर गेलं की २१, ८१ वर गेलं की ८१. पुढच्या लेव्हलला लागणारे गुण म्हणजे सध्याची लेव्हल गुणिले २५, अधिक ७५; तिसाव्या लेव्हलवरून पुढे जायला ८२५. त्यामुळे सहज म्हणून दोन कुलुपं उघडल्याने काही बिघडत नाही. पण एकाच जागी बसून स्मिदिंग, अल्केमी आणि स्पीच १०० पर्यंत नेलंत, तर लेव्हल भरपूर चढते, लढाईची स्किल्स मागे राहतात आणि ऑब्लिव्हियनचा जुना आजार सौम्य रूपात परत येतो. बाहेर पडल्यावर पहिल्याच ड्रागरकडून (चालत्या प्रेताकडून) मार खाण्याचं हेच कारण.

जादूचं मात्र मोठं नुकसान झालं आहे. स्पेल बनवणं काढून टाकलं. त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे: ऑब्लिव्हियनमध्ये २० टक्के कॅमिलियनची (अंग लपवणारी) जादू असलेले पोशाखाचे पाच तुकडे घातले की १०० टक्के अदृश्यता मिळते, वार करतानाही कुणाला दिसत नाही, आणि गेम तिथेच संपतो. पण ही भीती घालवताना डिस्ट्रक्शन (मारक जादू) दगडासारखं गोठवलं गेलं. इन्सिनरेट या आगीच्या स्पेलचं नुकसान ६०. आगीचे दोन्ही पर्क (लेव्हल चढल्यावर निवडायच्या खास क्षमता) घेतले तर ९०. स्किल वाढल्याने तो आकडा हलत नाही, फक्त खर्च कमी होतो. तलवार मात्र स्किलने, पर्कने, स्मिदिंगने आणि एन्चँटिंगने अशी चौफेर वाढते. लेजेंडरी डिफिकल्टीवर तुमचं नुकसान पाव होतं, म्हणजे तेच ९० तिथे साडेबावीस. मग लोक एन्चँटिंग १०० वर नेऊन टोपी, झगा, अंगठी आणि गळ्यातलं अशा चार वस्तूंवर २५-२५ टक्के घेऊन डिस्ट्रक्शन फुकट करतात आणि दोन्ही हातांनी फेकत शत्रूला डळमळीत ठेवतात. चालतं, पण ती जादू नव्हे, पंप आहे. जादूगार खेळायचा असेल तर डिफिकल्टी अडेप्ट किंवा एक्स्पर्टच ठेवा, आणि फोर्टिफाय डिस्ट्रक्शनची औषधं बनवा; नुकसान खरोखर वाढवणारा गेममधला हा मोजक्या मार्गांपैकी एक.

आणि संस्था. विंटरहोल्डच्या कॉलेजात एक सोपा स्पेल करून दाखवला की प्रवेश, आणि पुढे बहुतेक वाट तलवारीने कापूनही आर्चमेज होता येतं. त्याच माणसाला कंपॅनियन्सचा प्रमुख, डार्क ब्रदरहुडचा लिसनर आणि थीव्ह्ज गिल्डचा म्होरक्या एकाच वेळी होता येतं, कुणी हरकत घेत नाही. यादवी युद्ध आणि डॉनगार्ड या जोड-भागातली बाजू निवडणं हे दोन चांगले अपवाद. ‘पोकळ’ हा शब्द मला फक्त इथे पटतो.

बाकी रचनेत स्कायरिम कुठे उजवा आहे ते सुरुवातीच्या एका क्वेस्टमध्ये दिसतं. रिव्हरवुडच्या दुकानदाराचा सोन्याचा पंजा चोरीला गेलेला असतो. तुम्ही काम घेतलंत की त्याची बहीण कॅमिला गावाच्या टोकापर्यंत बरोबर येते आणि ब्लीक फॉल्स बॅरो कुठे आहे ते दाखवते. आत फिरत्या चकत्यांचं दार आहे. उत्तर इन्व्हेंटरीत पंजा उलटा करून पाहिलं की तळव्यावर कोरलेलं दिसतं: अस्वल, पतंग, घुबड. वस्तू हातात घेऊन निरखण्याचं बक्षीस मोरोविंडनेही इतक्या सुंदर पद्धतीने दिलेलं नाही. खंत एवढीच की पुढच्या बहुतेक क्वेस्टमध्ये कुणी कॅमिलासारखं बोट दाखवत नाही. मार्कर बंद केला तर दिशा कुठून मिळणार? संवादांत ती लिहिलेलीच नाही. ‘मार्कर बंद करून खेळा’ हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे.

त्याऐवजी हे करा. जर्नलमध्ये क्वेस्ट निष्क्रिय ठेवा आणि जिथे पत्ता सांगितला आहे तिथे तसंच शोधा. सांगितला नसेल तेव्हाच मार्कर लावून नकाशावर जागा पाहा आणि पुन्हा बंद करा. फास्ट ट्रॅव्हल सोडून घोडागाडी वापरा. पर्क सहा-सात स्किल्सपुरतेच खर्च करा, आणि स्मिदिंग, अल्केमी, एन्चँटिंग यांतलं एकच घ्या. तिन्ही एकत्र आली की अल्केमी एन्चँटिंगला आणि एन्चँटिंग अल्केमीला वाढवत नेतं आणि कोणतीही डिफिकल्टी उरत नाही. कॉलेजचं शेवटचं काम करण्याआधी एक जादूचं स्किल ९० वर हवं, असा मोरोविंडचा नियम स्वतःवर लावून घ्या. चिलरेंड आणि नाइटिंगेल ब्लेडसारख्या वस्तू मिळतानाच्या लेव्हलवर ठरतात. पूर्ण ताकदीच्या हव्या असतील तर ४६ व्या लेव्हलनंतरच उचला. जगच बदलायचं असेल तर रिक्विएम हा मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेला बदल) आहे, तो शत्रूंना तुमच्या लेव्हलपासून तोडतो. मूळ ऑब्लिव्हियनसाठी तेच काम ऑस्क्युरोज ऑब्लिव्हियन ओव्हरहॉल करतो. दोन्ही नव्या कॅरेक्टरबरोबरच सुरू करा. चालू सेव्हमध्ये घातले तर आधीच ठरलेल्या गोष्टी आणि नवे नियम एकमेकांत अडकतात.

क्रम विचाराल तर स्कायरिमवरून थेट मोरोविंडवर जा. ऑब्लिव्हियन मध्ये घेतला तर हाताला त्याचे बाण आणि फास्ट ट्रॅव्हल पुन्हा चिकटतात आणि मोरोविंड आणखी जड जातो. खेळायला ओपनएमडब्ल्यू हे मुक्त इंजिन वापरा; त्याला मूळ गेमच्या डेटा फाइल्स लागतात, पण आजच्या मशीनवर ते मूळ इंजिनपेक्षा स्थिर चालतं आणि लांबचं दिसतं. पहिल्या वेळी दिसणं बदलणारे मॉड घालू नका. केयस २०० नाणी देऊन आधी थोडा अनुभव घेऊन ये म्हणतो, ते मनावर घ्या: बाल्मोरातल्या फायटर्स किंवा मेजेस गिल्डची पहिली चार-पाच कामं करा, हातातलं शस्त्र ४०-५० वर न्या, मग आर्कन्गथांड. आणि एखादा महत्त्वाचा माणूस चुकून मेला, भविष्यवाणीचा धागा तुटल्याचा निरोप आला, तर लगेच जुनी सेव्ह उघडायची गरज नाही. विवेक या देव मानल्या जाणाऱ्या पात्राला मारून रेथगार्ड हा चिलखती हातमोजा काढून टेल फिरमधल्या याग्रम बागार्नकडे नेला की मुख्य कथा तिथूनही पुरी करता येते. हातमोजा पहिल्यांदा घालताना हेल्थला मोठा कायमचा फटका बसतो, तेव्हा एन्ड्युरन्स भरपूर झाल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.